मिनरल वॉटरमधली जिवाणूंची वस्ती: पहिल्यांदाच प्लेट लावणाऱ्यांसाठी

सीलबंद बाटलीतल्या नैसर्गिक मिनरल वॉटरचा एक थेंब योग्य आगरवर, म्हणजे जिवाणूंचे अन्न घातलेल्या घट्ट जेलीवर, पसरवून आठवडाभर ठेवला, तर प्लेटवर शेकडो कॉलनी, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके, उगवू शकतात. बाटली मुदतीतली असते, सील शाबूत असते, भरणाऱ्याचीही काही चूक नसते. नवखा माणूस इथेच घाबरतो. एक तर आपल्या हातून प्लेटमध्ये काहीतरी शिरले असे त्याला वाटते, नाहीतर पाणी खराब असल्याचा निष्कर्ष काढून तो मोकळा होतो. बहुतेक वेळा दोन्ही खोटे असते. नैसर्गिक मिनरल वॉटर जमिनीखालच्या साठ्यातून येते आणि त्या साठ्यात जिवाणू पूर्वीपासून नांदत असतात. युरोपातल्या नियमांनुसार या पाण्यावर निर्जंतुकीकरणाची प्रक्रिया करताच येत नाही. क्लोरीन चालत नाही, जिवाणू मारण्यासाठी अतिनील दिवाही चालत नाही. म्हणजे झऱ्याबरोबर त्यातले रहिवासीही बाटलीत येणारच.

म्हणून ‘पाण्यात जिवाणू आहेत का?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ते असतात. कोणते आहेत, बाटली भरून किती दिवस झाले आणि आपण ते कशाने मोजले, हे तीन प्रश्न घेऊन कामाला लागा. या तिन्हींची उत्तरे जवळ नसतील तर हाती आलेला आकडा काहीच सांगत नाही.

पाणी कोणते, ते आधी ठरवा

दुकानातली प्रत्येक पाण्याची बाटली या अभ्यासाच्या कामाची नसते. लेबल नीट वाचा. झऱ्याचे किंवा भूजलसाठ्याचे नाव, उगमापाशीच भरल्याचा उल्लेख आणि क्षारांचे प्रमाण दिलेले असेल तर ते नैसर्गिक मिनरल वॉटर असण्याची शक्यता मोठी. रिव्हर्स ऑस्मोसिस, ओझोन किंवा अतिनील प्रक्रिया लिहिलेली असेल तर ते प्रक्रिया केलेले पिण्याचे पाणी. त्यातही जिवाणू पुन्हा वाढू शकतात, पण ती मूळ साठ्याची वस्ती नव्हे, मागाहून आलेल्यांची. एक अपवाद ध्यानात ठेवा: लोह, मँगनीज, गंधक किंवा आर्सेनिक काढण्यासाठी ओझोनयुक्त हवा वापरायला युरोपात परवानगी आहे आणि तसे लेबलवर लिहावे लागते. अशा पाण्याची मूळ वस्ती जशीच्या तशी राहिली असेल असे धरून चालू नका.

पहिल्या प्रयोगाला साधे, बिनगॅसचे पाणीच घ्या. कार्बन डायऑक्साइड मिसळला की सामू (पीएच) उतरतो, बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते आणि दिवसागणिक त्यांची संख्या घटत जाते. गॅसच्या पाण्याची रिकामी प्लेट पाहून नवशिक्याला वाटते की आपली पद्धतच फसली. ते पाणी दुसऱ्या खेपेला तुलनेसाठी वापरा.

एकाच लॉटच्या निदान सहा बाटल्या घ्या. प्रत्येक बाटली एकदाच उघडायची. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांनी पुन्हा वापरली की हवेतले आणि हातावरचे पाहुणे मोजणीत येतात.

भरण्याची तारीख ही पहिली नोंद

सगळ्या लेखातला महत्त्वाचा भाग हाच, म्हणून इथे जरा थांबू.

उगमापाशी पाण्यातली वाढणाऱ्या जिवाणूंची संख्या फार कमी असते. युरोपीय निर्देश २००९/५४ मध्ये उगमासाठी नेहमीची अपेक्षा दिली आहे ती अशी: २० ते २२ अंश सेल्सिअसला ७२ तासांत दर मिलीला २० पर्यंत कॉलनी आणि ३७ अंशाला २४ तासांत ५ पर्यंत. बाटलीत भरल्यानंतरची मर्यादा अनुक्रमे १०० आणि २०. पण त्या मर्यादेला एक अट जोडली आहे, आणि तीच पुष्कळांच्या नजरेतून सुटते. ही मोजणी भरल्यापासून १२ तासांच्या आत करायची आणि तेवढा वेळ पाणी ४ अंशाला ठेवायचे, त्यात एक अंश इकडेतिकडे चालतो. बारा तासांनंतर त्या आकड्याचा काही उपयोग उरत नाही, कारण पुढे होणारी वाढ नियमालाच मान्य आहे. उगमापाशी जे जिवाणू होते त्यांचीच ती नैसर्गिक वाढ असावी, एवढेच बंधन.

ही वाढ जोरात होते. खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या बिनगॅसच्या बाटलीत काही दिवसांत ते आठवड्या-दोन आठवड्यांत संख्या मिलीला हजारोंवर, अनेकदा लाखाच्या आसपास जाऊन पोचते. मग ती तिथे रेंगाळते आणि हळूहळू उतरते. दुकानातून आणलेली बाटली या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे तारखेवाचून कळायचे नाही. दोन ब्रँडची तुलना करताना एकाची बाटली पाच दिवसांची आणि दुसऱ्याची पाच महिन्यांची असेल, तर तुम्ही ब्रँडची तुलना करतच नाही, वयाची करता.

एवढे जिवाणू खातात काय? पाण्यात सेंद्रिय कार्बन अगदी नगण्य असतो, बहुधा लिटरला एक मिलिग्रॅमहूनही कमी. त्यातलाही थोडाच भाग जिवाणूंना पचतो. पण त्यांना फार लागतच नाही. पाण्यातल्या नैसर्गिक जिवाणूंसाठी वापरला जाणारा ढोबळ हिशेब असा, की पचण्याजोग्या कार्बनच्या एका मायक्रोग्रॅमवर सुमारे एक कोटी पेशी तयार होतात. लिटरला फक्त १० मायक्रोग्रॅम असा कार्बन असला तरी दहा कोटी पेशी, म्हणजे मिलीला एक लाख. प्लेटवर पुढे भेटणारा आकडा याच घरातला निघतो. साठ्यात अंधारात, गारव्यात, जेमतेम ऑक्सिजनवर राहणाऱ्या पेशींना बाटलीत ऊब मिळते, हवा मिळते आणि टेकायला भिंत मिळते. बंद भांड्यात ठेवलेल्या पाण्यातले जिवाणू असे वाढतात हे समुद्राच्या पाण्याच्या बाबतीत १९४३ मध्येच नोंदले गेले होते.

तर वही उघडा आणि लिहा: ब्रँड, लॉट, भरण्याची तारीख, बाटली काचेची की पेट प्लास्टिकची, विकत घेतल्यापासून ठेवण्याचे तापमान, उघडण्याची तारीख. बाटलीवर फक्त मुदतीची तारीख असेल तर उत्पादकाला विचारून भरण्याची तारीख मिळवा. अंदाजाने लिहू नका.

बाटली उघडताना

काम प्रयोगशाळेतच करा. मूळ वस्ती निरुपद्रवी मानली जाते, पण प्लेटवर एकेका पेशीची कॉलनी होते, म्हणजे कोट्यवधी पेशींचा ढीग, आणि त्यात कोण आहे हे तुम्हाला अजून ठाऊक नसते. वाढलेल्या प्लेट स्वयंपाकघरात उघडायच्या नाहीत आणि ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केल्याशिवाय, फेकायच्या नाहीत.

बाटली आधी अनेकदा उलटीसुलटी करून चांगली हलवा. काही पेशी भिंतीला चिकटलेल्या असतात, काही तळाशी बसतात. वरवरचे पाणी घेतले तर मोजणी कमी भरते. मग टोपण आणि गळा ७० टक्के अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेल्या हवेच्या झोतातल्या कपाटात) किंवा बर्नरजवळ उघडा. गॅसचे पाणी असेल तर आधी निर्जंतुक भांड्यात हळूहळू ढवळून गॅस काढा. तसेच पिपेटमध्ये ओढले की बुडबुड्यांमुळे माप चुकते.

प्रत्येक खेपेला एक ब्लँक हवाच. निर्जंतुक केलेले पाणी घ्या आणि त्याच पिपेटने, त्याच टेबलावर, त्याच क्रमाने सगळे करा. ब्लँकवर कॉलनी आल्या तर त्या दिवसाचे काम रद्द.

प्लेट लावणे

माध्यम निवडताना मोह आवरा. न्यूट्रिएंट आगरसारखे भरगच्च माध्यम या जिवाणूंना मानवत नाही. अनेक वर्षे उपास काढलेल्याला एकदम पंगतीला बसवावे तसे होते. रीझनर आणि गेल्ड्राइच यांनी १९८५ मध्ये मांडलेले आर२ए आगर वापरा. त्यात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, पेप्टोन, कॅसअमिनो ॲसिड, ग्लुकोज आणि स्टार्च प्रत्येकी लिटरला अवघे अर्धा ग्रॅम असतात, शिवाय थोडे पायरुवेट. पायरुवेट नुसते अन्न म्हणून नसते. ते पेरॉक्साइड निकामी करते आणि दमलेल्या पेशींना सावरायला मदत करते.

पोअर प्लेटपेक्षा स्प्रेड प्लेट, म्हणजे घट्ट झालेल्या आगरवर नमुना पसरवणे, बरे. पोअर प्लेटमध्ये पातळ आगर ४५ अंशांच्या आसपास असताना नमुन्यावर ओततात. गार पाण्यात वाढलेल्या पेशींना तेवढा चटकाही सोसत नाही. प्लेट आदल्या दिवशी ओतून वाळवून ठेवा. पृष्ठभागावर पाणी साचलेले असले की कॉलनी एकमेकींत मिसळतात आणि मोजता येत नाहीत.

पातळ करण्यासाठी पेप्टोन वॉटरऐवजी निर्जंतुक केलेले तेच मिनरल वॉटर किंवा चतुर्थांश ताकदीचे रिंगर द्रावण (क्षारांचे सौम्य द्रावण) घ्या. १ मिली पाणी ९ मिलीत, त्यातले १ मिली पुढच्या ९ मिलीत, असे तीन टप्पे करा आणि प्रत्येक टप्प्याच्या तीन-तीन प्लेट लावा. न पातळ केलेल्या पाण्याच्याही लावा, कारण बाटली ताजी निघाली तर त्याच उपयोगी पडतील. हिशेब सोपा आहे: शंभरपट पातळ केलेले ०.१ मिली पसरवून ८४ कॉलनी आल्या, तर ८४ × १० × १००, म्हणजे मिलीला ८४,००० सीएफयू (कॉलनी तयार करणारे घटक). ३०० च्या वर कॉलनी असलेली प्लेट मोजू नका.

एक संच २२ अंशाला, दुसरा ३७ ला. ३७ चा संच बहुतेक वेळा जवळपास रिकामा राहील, आणि ते चांगले लक्षण. शरीराच्या तापमानाला न वाढणारे हे गार पाण्याचे जिवाणू आहेत असा त्याचा अर्थ.

२२ अंशाच्या प्लेट उलट्या करून पिशवीत घाला, नाहीतर आठवड्यात आगर सुकून पापड होतो. आता थांबायचे. दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी वाटते. दिव्यासमोर तिरकी धरली तर धुळीसारखे ठिपके दिसतात, दिसतात असे वाटते म्हणा हवे तर. तिसऱ्या दिवशी पांढुरक्या, पसरट कॉलनी स्पष्ट होतात, त्या बहुधा स्यूडोमोनससारख्या चपळ मंडळींच्या. पाचव्या ते सातव्या दिवशी खरी गर्दी होते: टाचणीच्या टोकाएवढ्या पिवळ्या, शेंदरी, फिकट गुलाबी, काही काचेसारख्या पारदर्शक. ७२ तासांचा आकडा आणि ७ दिवसांचा आकडा यांत कित्येक पटींचा फरक पडू शकतो, म्हणून दोन्ही दिवशी मोजा. तिसऱ्या दिवशी मोजलेल्या कॉलनीवर प्लेटच्या पाठीमागून मार्करने टिंब द्या. सातव्या दिवशी टिंब नसलेल्या कॉलनी म्हणजे उशिरा आलेले. माझ्या मते अभ्यासाला तेच जास्त मजेशीर.

जे प्लेटवर येतच नाहीत

प्लेट उत्तम लागली तरी ती सगळ्यांना दाखवत नाही. काहींना आर२ए देखील जड पडते, काही जिवंत असूनही कोणत्याच आगरवर वाढत नाहीत. एकूण पेशी पाहायच्या तर त्या रंगवून मोजाव्या लागतात. ०.२ मायक्रोमीटर छिद्रांच्या काळ्या पॉलिकार्बोनेट फिल्टरवर पाणी गाळा, डीएपीआय हा डीएनएला चिकटणारा रंग लावा आणि फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली निळे ठिपके मोजा. फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी प्रकाशझोतातून नेऊन मोजणारे यंत्र) हाताशी असेल तर सायबर ग्रीन या रंगाने रंगवून काही मिनिटांत काम होते. सोबत प्रोपिडियम आयोडाइड वापरले की आवरण फाटलेल्या पेशी वेगळ्या काढता येतात. न रंगवलेले पाणीही एकदा यंत्रातून चालवा. मिनरल वॉटरमध्ये क्षारांचे कण असू शकतात आणि ते पेशींच्या घोळक्यात घुसतात.

एकूण पेशी आणि सीएफयू यांतली दरी ताज्या पाण्यात फार मोठी असते. मिलीला हजारो पेशी आणि कॉलनी मात्र दहा-वीस, असे सर्रास दिसते. ही दरी म्हणजे चूक नव्हे. तीही एक नोंद आहे, तीही लिहा.

सवड असेल तर ओल्या स्लाइडवर फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली एक नजर टाका. कॉलोबॅक्टर हा जिवाणू सापडला तर दिवस सार्थकी लागला समजा: वाकडी पेशी, तिला एका टोकाला बारीक देठ, देठाच्या टोकाला गोंद. अनेक पेशी देठांनी एकत्र चिकटून फुलासारख्या दिसतात. फॉस्फेटची टंचाई असली की देठ आणखी लांबतो.

नावे शोधायची तर

कॉलनीच्या रंगावरून नाव ठरवू नका. पिवळी कॉलनी फ्लॅव्होबॅक्टेरियमची असेल, स्फिंगोमोनसची असेल किंवा आणखी कुणाची. वेगवेगळ्या दिसणाऱ्या कॉलनी दोन-तीनदा रेघा मारून शुद्ध करा आणि जिवाणूंची ओळख पटवायला वापरतात त्या १६एस जनुकाचे सिक्वेन्सिंग (बेसचा क्रम वाचणे) करून घ्या. हे जनुक सुमारे १,५०० बेसचे असते. पेशीतल्या प्रथिनांवरून जिवाणू ओळखणारे माल्डी-टॉफ यंत्र झटपट उत्तर देते, पण त्याचे संदर्भसंच मुख्यतः रुग्णालयातल्या जिवाणूंसाठी बनलेले, त्यामुळे पाण्यातल्या जिवाणूंना पुष्कळदा ‘ओळख पटली नाही’ असा शेरा मिळतो.

प्लेटवर स्यूडोमोनस हमखास भेटतील. मिनरल वॉटरमधून या वंशाच्या नव्या जातीही वर्णिल्या गेल्या आहेत: १९९६ मध्ये स्यूडोमोनस व्हेरोनाय आणि स्यूडोमोनस ऱ्होडेसिए, १९९९ मध्ये स्यूडोमोनस गेसार्डाय आणि स्यूडोमोनस मिगुलाए. पण प्लेट बाजूला ठेवून थेट डीएनए किंवा प्रोब (ठरावीक गटाच्या जिवाणूंनाच चिकटणारे डीएनएचे तुकडे) वापरले की चित्र पालटते. भरल्यानंतरच्या पाण्यात हायड्रोजेनोफॅगा, पोलॅरोमोनस, ॲक्वाबॅक्टेरियम यांसारखे बीटाप्रोटिओबॅक्टेरिया या गटातले जिवाणू वरचढ दिसू लागतात. फक्त प्लेटवर विसंबलात तर स्यूडोमोनसला त्याच्या वाट्याहून मोठे स्थान द्याल.

थेट डीएनए काढण्याआधी गणित करा. मिलीला दहा हजार पेशी असलेले एक लिटर पाणी गाळले तर फिल्टरवर एक कोटी पेशी येतात. पन्नास लाख बेसचा जीनोम सुमारे ५ फेम्टोग्रॅमचा, म्हणजे सगळे मिळून ५० नॅनोग्रॅम, आणि तेही काहीच वाया गेले नाही तर. उगमाच्या पाण्यात मिलीला हजारच पेशी असतील तर अवघे ५ नॅनोग्रॅम. म्हणून ताज्या पाण्याचे अनेक लिटर गाळावे लागतात. भूजलात इतके बारीक जिवाणूही असतात की ते ०.२ मायक्रोमीटरच्या छिद्रातून निसटतात. ते हवे असतील तर गाळलेले पाणी पुन्हा ०.१ मायक्रोमीटरच्या फिल्टरवरून न्या.

डीएनए इतका कमी असला की एक जुना चोर आत शिरतो: किटमधलाच डीएनए. काढणीच्या किटमध्ये आणि पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या क्रियेच्या) रसायनांत जिवाणूंच्या डीएनएचे अंश असतात हे २०१४ मध्ये सविस्तर दाखवले गेले. गंमत अशी, की त्या यादीत ब्रॅडिऱ्हायझोबियम, राल्स्टोनिया, स्फिंगोमोनस अशी नावे आहेत, म्हणजे पाण्यात खरोखरच राहू शकणारी. यादी वाचून संशयही येत नाही. यावर उपाय एकच. कोरा फिल्टर, नमुन्याच्या पाण्याविना केलेली काढणी आणि डीएनएविना चालवलेला पीसीआर, हे तिन्ही ब्लँक नमुन्यांबरोबर सिक्वेन्सिंगला पाठवा. पैसे वाचवायला ब्लँक वगळणाऱ्याने आपल्या यादीवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

स्वच्छतेची चाचणी वेगळी

वस्तीचा अभ्यास आणि पाणी सुरक्षित आहे का याची तपासणी, ही दोन निरनिराळी कामे आहेत. एकूण सीएफयूवरून सुरक्षिततेचा निवाडा होत नाही. विष्ठेचे प्रदूषण नसेल तर पाण्यातल्या एकूण वाढणाऱ्या जिवाणूंच्या संख्येचा सर्वसामान्य लोकांच्या आरोग्याशी थेट संबंध दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने बोलावलेल्या तज्ज्ञांचेही मत पडले. लहान बाळे आणि प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण यांच्या बाबतीत मात्र वेगळी काळजी घेतात.

सुरक्षिततेसाठी शोधतात ते परके. युरोपीय निर्देशानुसार २५० मिलीत ई. कोलाय, इतर कॉलिफॉर्म, विष्ठेतले स्ट्रेप्टोकोकाय आणि स्यूडोमोनस एरुजिनोसा, तर ५० मिलीत सल्फाइट क्षपण करणारे बीजाणूधारी अवायुजीव (ऑक्सिजनविना वाढणारे जिवाणू), यांपैकी एकही असता कामा नये. एरुजिनोसा या यादीत का, हा प्रश्न नवख्यांना पडतो, कारण नाव मूळ रहिवाशांच्याच कुळातले. तो बहुधा नळ्या, टोपणे, ओलसर पृष्ठभाग यांवरून येतो आणि नगण्य अन्नावरही वाढतो, त्यामुळे भरण्याच्या साखळीत कुठेतरी गळती असल्याचे तो सांगतो. सेट्रिमाइड आणि नॅलिडिक्सिक ॲसिडच्या आगरवर ३६ अंशाला हिरवट-निळ्या कॉलनी आल्या तर त्याच्यावर संशय घ्या. मूळचे चमकणारे स्यूडोमोनस बहुधा ४२ अंशाला वाढत नाहीत, हा वाढतो.

साठ्यालाच बाहेरची घाण मिळाली तर काय होते याचा दाखला पोर्तुगालमधला आहे. १९७४ च्या कॉलऱ्याच्या साथीत प्रसाराचे एक माध्यम बाटलीबंद मिनरल वॉटर होते. म्हणूनच ही तपासणी टाळता येत नाही, मग वस्ती कितीही सुंदर दिसो.

आकडे लिहिताना

‘पाण्यात ८४,००० जिवाणू आढळले’ असे वाक्य अहवालात लिहू नका. असे लिहा: भरल्यापासून ११ व्या दिवशी, २० अंशाला साठवलेल्या पेट बाटलीत, आर२ए स्प्रेड प्लेटवर, २२ अंशाला ७ दिवसांनी मिलीला ८४,००० सीएफयू, तीन बाटल्यांची सरासरी, ब्लँक शून्य. त्याच्या खाली ७२ तासांचा आकडा, ३७ अंशाचा आकडा आणि एकूण पेशी. बाटल्या-बाटल्यांत फरक असेल तर सरासरीत दडपू नका, प्रत्येक बाटली स्वतंत्र दाखवा. एकाच लॉटच्या दोन बाटल्यांत दहापट तफावत आली तरी पहिल्या फटक्यात एखादी टाकून देऊ नका. आधी भिंतीवरच्या पेशी नीट सुटल्या होत्या का ते पाहा.

शुद्ध केलेले जिवाणू २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशाला ठेवा. नळीवर जिवाणूच्या क्रमांकाबरोबर बाटलीचा लॉट, बाटलीचे वय आणि कॉलनी कोणत्या दिवशी दिसली तेही लिहा. सातव्या दिवशी उगवलेला जिवाणू पुन्हा वाढवायला घेतलात की तो तिसऱ्या दिवशी दिसला नाही म्हणून प्लेट फेकून देऊ नका.